वस्तूत काही दोष नाही

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे बुधवार पेठेत एक दिवा परत करायला गेलो, ते. मिळून म्हणतो खरं, पण ती दुकानात होती आणि मी बाहेर, पायरीच्या कडेला. आमच्या लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती आणि इतकी वर्षं हे असंच चालत आलं होतं. ती आत जाऊन वस्तू परत करायची आणि मी बाहेर थांबायचो.

दिवा टेबलाला अडकवायचा होता. लांब मान आणि पुढं वाटीएवढं भिंग. मोबाईल दुरुस्त करणारे वापरतात, तसला. त्याला काहीही झालेलं नव्हतं. तिनं खोकं काउंटरवर ठेवलं आणि नेहमीचं वाक्य म्हणाली, "वस्तूत काही दोष नाही. आमच्या घरी चालला नाही, म्हणून परत आणलाय."

मालक तिशीतला. त्यानं मोबाईलमधून मान वर न काढता नुसतं बोट वर केलं. भिंतीवर बोर्ड होता. 'एकदा विकलेला माल कोणत्याही सबबीवर परत घेतला जाणार नाही.' पिवळ्यावर काळी अक्षरं, खाली लाल रेघ. तो बोर्ड मी लिहिलेला. या मालकाच्या आजोबांनी माझ्याकडून लिहून घेतला होता, तेव्हा या मालकाचा जन्म व्हायचा होता.

ती म्हणाली, "हा ज्यांनी लिहिलाय ते बाहेर उभे आहेत. त्यांनाच विचारा, त्यांच्या घरात तरी हा लागू आहे का."

दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. सगळी वळून माझ्याकडं बघायला लागली. मालकानं विचारलं, "काका, तुम्ही यांच्याबरोबर आहात का?"

मी म्हणालो, "नाही हो. मी आपला सावलीला उभा आहे."

तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग खोकं उचललं, पिशवीत घातलं आणि बाहेर आली. आल्यावर माझ्याशेजारी थांबलीसुद्धा नाही. पुढं चालायला लागली. आपण एकमेकांचे कुणी नाही हे मी सांगितलंच होतं, तर तिनं ते निभावून नेलं.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. जन्मभर अक्षरं काढली, पण ती दुसऱ्यांच्या शब्दांची. 'येथे थुंकू नये', 'दुपारी एक ते चार बंद', 'उधारीचा विषय काढू नये'. स्वतःचं चार ओळींचं कधी लिहिलं नाही. पण आमच्या हिच्याबद्दल कुणीतरी लिहायला पाहिजे, आणि जो लिहील त्यानं हे सावलीचं आधी लिहायला पाहिजे. दुसऱ्या कुणाला ते माहीत नाही. म्हणून मीच लिहितो.

शनिवार पेठेत आम्ही दोन खोल्यांत राहत होतो तेव्हा तिला सगळे पेंटरीण म्हणायचे. मी पेंटर, म्हणून ती पेंटरीण. ब्रश तिनं कधी हातात धरला नाही. पण पेठांमधल्या दुकानदारांत माझ्यापेक्षा तिचं नाव मोठं होतं. मी गेलो तर "या पेंटर, बसा." ती गेली तर मालक गल्ल्यावरून उठून उभा राहायचा. आदर अर्धा असेल, अर्धी धास्ती. कारण तिच्या हातात पिशवी असायची, आणि त्या पिशवीत नवीन काही घ्यायला आलीय की जुनं परत द्यायला, हे तोंडावरून कळायचं नाही.

कारण काय, तर तिचं एक तत्त्व होतं. "दुकानात वस्तू दुकानदाराची असते. तो तिच्या बाजूनं बोलतो, आपल्याला ऐकू येत नाही. घरी आणून दोन दिवस ठेवली की कळतं, ती आपली आहे का." मग ती खरंच दोन दिवस ठेवायची. कुकर आणला तर ओट्यावर ठेवून येता-जाता त्याच्याकडं बघायची. वापरायची नाही. किमतीची चिठ्ठी काढायची नाही. खोक्याची सुतळी सोडताना गाठ कशी होती ते लक्षात ठेवायची आणि परत नेताना तीच गाठ मारायची. दुकानदाराला वाटावं, खोकं उघडलंच नाही. पण ती स्वतःच सांगायची, "उघडून बघितलंय. दोष काही नाही."

हे "दोष नाही" तिला फार महत्त्वाचं. बाकीच्या बायका वस्तू परत करताना काहीतरी खोट काढतात. रंग जातो, झाकण बसत नाही, शिवण उसवली. हिला ते चालायचं नाही. म्हणायची, "चांगल्या वस्तूला नावं ठेवून परत करायची म्हणजे चांगल्या घरच्या मुलीला नाकारताना तिला लंगडी म्हणायचं." दुकानदार अशानं गोंधळून जायचा. खोट काढली तर भांडता येतं. वस्तू उत्तम आहे म्हणून परत घ्या, असं म्हणणाऱ्या बाईशी काय भांडणार?

दुसरं, ती भवानीच्या आधी कधी जायची नाही. दुकान उघडल्यावर पहिली विक्री व्हायच्या आधी कुणी माल परत घेऊन आलं तर दुकानदाराचा अख्खा दिवस नासतो. ते ती पाळायची. समोर उभी राहून बघायची, पहिलं गिऱ्हाईक पुडकं घेऊन बाहेर पडलं की मग आत. एकदा लक्ष्मी रोडला साडी परत करायची होती आणि पाऊस-पाण्याचे दिवस, गिऱ्हाईकच येईना. तासभर उभी राहिली. मी पलीकडं चहाच्या टपरीवर, तोंड फिरवून. शेवटी गेली आत आणि शेठना म्हणाली, "एक हातरुमाल द्या." रुमाल घेतला, पैसे दिले, आणि म्हणाली, "झाली ना भवानी? आता ही साडी घ्या परत." शेठ इतके हसले की त्यांनी साडी घेतली, वर चहा पाजला. तो रुमाल माझ्याकडं अजून आहे.

माझा बोर्ड तिच्या आड यायचा आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. आमच्या ओळखीचे एक रहीमचाचा होते, चपलांचं दुकान, तीन पिढ्या पुण्यातच. त्यांनी एकदा तिला बोर्ड दाखवला. "पेंटरीणबाई, तुमच्याच नवऱ्याची अक्षरं आहेत. वाचा की."

"वाचली. 'परत'मधला र वाकडा आलाय. तो आधी परत घ्यायला लावा यांना, मग माझ्या चपलांचं बघू."

चाचा मला बोलावून आणायला बाहेर आले तर मी कोपऱ्यावरच्या पुस्तकाच्या दुकानात शिरलो होतो. मला वाचनाचा काय नाद! पण तिथनं बाहेर यायला मला अर्धा तास लागला. नंतर चाचा मला भेटले तेव्हा म्हणाले, "पेंटर, र खरंच वाकडा आहे." मी दुसऱ्या दिवशी जाऊन तो सरळ करून दिला. चपला त्यांनी आधीच परत घेतल्या होत्या.

शेजारच्या बायका तिच्याकडं आपल्या वस्तू घेऊन यायच्या. "पेंटरीणबाई, एवढं परत करून द्या ना." ती आधी वस्तू नाकाजवळ न्यायची. एकीची पैठणी हुंगून म्हणाली, "हिच्यात लग्न आहे. जेवणाच्या पंगतीसकट. नेऊन कपाटात ठेव." वापरलेलं परत करणाऱ्याला ती चोर म्हणायची. तोंडावर म्हणायची. त्यामुळं तिच्या मैत्रिणी कमी होत्या, पण ज्या होत्या त्या टिकल्या.

एवढं सगळं मी आज कौतुकानं लिहितोय. तेव्हा मला कौतुक नव्हतं. तेव्हा मला फक्त लाज होती. माझा धंदा या दुकानदारांवर. माझं नाव या दुकानदारांत. आणि माझीच बायको माझ्याच बोर्डाखाली उभी राहून नेमकं बोर्डाच्या उलट वागायची. मी कितीदा म्हणालो असेन, "माझी अब्रू घालवतेस तू."

ती म्हणायची, "तुमची अब्रू भिंतीवर रंगवलेली आहे, ती कुठं जातीय? माझी माझ्या पिशवीत आहे. ती मी रोज घरी घेऊन येते."

वस्तू परत करायला मी तिला एकटी जाऊ दिली नाही कधी, हे खरं. प्रत्येक वेळी बरोबर जायचो. आणि प्रत्येक वेळी बाहेर थांबायचो. ऊन असलं तर सावलीला, पाऊस असला तर छपराखाली. नेहमीचं कारण तेच. "तू जा, मी इथं सावलीला आहे." ती कधी "आत चला" म्हणाली नाही. मला वाटायचं, तिला चालतंय.

पुढं फ्लेक्स आले आणि माझ्या हातातलं काम गेलं. जे बोर्ड मी चार दिवसांत लिहायचो ते मशीन चार मिनिटांत ओकायला लागलं. शनिवार पेठेतली जागा सुटली, आम्ही वारज्याला छोट्या फ्लॅटमध्ये आलो. तिथं प्रत्येक दाराला पितळी नाहीतर काचेची पाटी. आमच्या दाराला नाही. ती म्हणायची, "अर्ध्या पुण्याला पाट्या लिहून दिल्यात. आपल्या दाराला एक लिहा. पोस्टमन समोरच्यांना विचारतो, हे भाडेकरू आहेत का म्हणून."

मी म्हणायचो, "लिहू, लिहू." खरं कारण मी सांगत नव्हतो. माझे डोळे गेले होते. ऑपरेशन झालं, तरी बारीक अक्षर तरंगायचं. मोठं अक्षर काढावं तर हात थरथरतो. पेंटरला अक्षर दिसत नाही हे मी कुणाला सांगणार? तिलासुद्धा सांगितलं नव्हतं. चष्मा बदलायचाय म्हणायचो, वर्षभर हेच म्हणत होतो.

तिला कळलं होतंच. एक दिवस एकटीच बसनं बुधवार पेठेत जाऊन तो भिंगाचा दिवा घेऊन आली. टेबलाला लावला, त्याखाली लाकडाची एक घासून गुळगुळीत केलेली फळी ठेवली आणि म्हणाली, "बसा इथं. आता बघू अक्षर कसं पळतंय."

मी काय बोलायला पाहिजे होतं? मी म्हणालो, "मला काय आंधळा समजतेस? चांगलं दिसतंय मला. कुणी सांगितला होता हा दिवा आणायला? दे नेऊन जिथनं आणलास तिथं."

 तिनं दिवा दोन दिवस टेबलावर ठेवला, तिच्या नेमाप्रमाणं. त्या दोन दिवसांत मी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं खोकं आणलं, सुतळीला गाठ मारली आणि म्हणाली, "चला. घरात नाही चालला."

म्हणजे बघा. आयुष्यात एवढ्या वस्तू तिनं स्वतःच्या मर्जीनं परत केल्या, तेव्हा मी बाहेर उभा राहिलो. ही एकच वस्तू ती माझ्यामुळं परत करत होती, आणि तेव्हाही मी बाहेर. वर ओळखसुद्धा दिली नाही.

येताना बसमध्ये ती खिडकीपाशी बसली, मांडीवर खोकं. मी शेजारी. डेक्कन गेलं, कर्वे रोड गेला, ती बाहेर बघत होती. मी विचार करत होतो, आता बोलेल, आता बोलेल. बोलली असती तर मी भांडलो असतो आणि भांडणात ते जिरून गेलं असतं. आमचा थांबा जवळ आला तेव्हा ती म्हणाली, "ऊन फार होतं नाही आज? सावलीला उभे राहिलात ते बरं केलंत."

बास. एवढंच. घरी येऊन तिनं पिठलं-भात केला. माझ्या ताटात तूप नेहमीसारखंच वाढलं.

पाचव्या दिवशी सकाळी गवार मोडता मोडता ती गेली. "जरा पाठ दुखतीय" म्हणाली, भिंतीला टेकली. मी शेजारच्यांना हाक मारून येईपर्यंत संपलं होतं. मांडीवर अर्धी गवार तशीच होती. मधल्या दिवसांत मला रोज वाटत होतं, आज म्हणू, त्या दिवशी माझं चुकलं. चार शब्द. एवढे मोठे मोठे बोर्ड लिहिले आणि चार शब्द जमले नाहीत.

दिवस झाले, पाहुणे गेले. मुलगी, सुनंदा, थोडी थांबली होती आईचं कपाट लावायला. तिला पलंगाखाली ते खोकं सापडलं. म्हणाली, "बाबा, हे काय? नवंच आहे. सुतळीत बिलपण खोचलंय. आईचं परत करायचं राहून गेलं वाटतं. मी जाता-जाता देऊन टाकू का? घेतील ते."

मी म्हणालो, "नको. आईचं काम आहे. मी करतो."

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला लहानपणापासून माहीत होतं मी कुठं उभा असतो ते. म्हणाली, "तुम्ही?"

"हो, मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि खोकं तिच्याच पिशवीत घालून निघालो. सुतळीची गाठ सोडली नाही, तिनं मारलेली होती. घाईत फार लवकर पोचलो. मालक शटर वर करून उदबत्ती लावत होता. मी पायरीपाशी आलो आणि सवयीनं पाय कडेला वळला. तसाच ओढून आत घातला. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या बोर्डाच्या बरोबर खाली उभा होतो.

"काय काका?"

"परत करायचंय." मग नीट सांगितलं. "एक वस्तू परत करायचीय."

त्यानं कपाळाला हात लावला. "अहो काका, आत्ता? भवानीसुद्धा नाही झाली अजून!"

एवढी वर्षं बाहेर उभा राहून मी हेसुद्धा शिकलो नव्हतो.  मग मला तो हातरुमाल आठवला. म्हणालो, "घड्याळाचे दोन सेल द्या." त्यानं दिले. मी पैसे दिले, त्यानं ते डोळ्यांना लावून गल्ल्यात टाकले. "झाली भवानी," मी म्हणालो. "आता हे घ्या."

तो जरासा हसला. खोकं पुढं ओढलं, कात्री घेतली. मी म्हणालो, "कापू नका, सोडा." त्यानं गाठ सोडली. "काय बिघडलंय?"

"वस्तूत काही दोष नाही."

त्यानं हात थांबवून माझ्याकडं बघितलं. हे वाक्य त्यानं ऐकलेलं होतं. त्यानं दिवा प्लगला लावला, चालतोय का बघायला. भिंगाच्या कडेनं पांढरा उजेड पडला. खाली काउंटरवर सुतळीतलं बिल पडलं होतं. घरी ते मला नुसतं करडं दिसलं होतं. भिंगाखाली अक्षरं एकदम जागच्या जागी उभी राहिली. नावाच्या जागी लिहिलं होतं, 'पेंटरीणबाई, वारजे'.

शनिवार पेठ सोडून आम्हाला कितीतरी वर्षं झाली होती. वारज्यात तिला कुणी पेंटरीण म्हणत नव्हतं. त्या तरुण मालकानं नाव विचारल्यावर तिनं हे सांगितलं होतं. माझ्या नावाचा धंदा बुडाला, तरी तिनं ते नाव सोडलं नव्हतं.

मी म्हणालो, "त्या दिवशी या बाई आल्या होत्या. तुम्ही मला विचारलंत, यांच्याबरोबर आहात का. मी नाही म्हणालो. खोटं बोललो. मी यांचा नवरा. यांच्याबरोबरच आलो होतो."

 मालकानं विचारलं, "काकू कुठं आहेत?"

मी सांगितलं. त्यानं दिवा बंद केला. गल्ला उघडत म्हणाला, "द्या काका. घेतो परत."

मी वर बोट केलं. "बोर्ड काय म्हणतो?"

"राहू दे हो काका तो बोर्ड."

गेल्यावरसुद्धा तिनं माझ्या बोर्डाला हरवलं. त्यानं पैसे पुढं केले. मी दिव्याची मान धरली आणि आपल्याकडं ओढली.

"नको. ठेवतो मी. माझ्यासाठीच घेतला होता तिनं. मला दिसत नाही."

"मग काका, परत करायला आलात कशाला?"

त्याला काय सांगणार? जे सांगायचं ते सांगून झालं होतं. मी दिवा खोक्यात घातला आणि सुतळी बांधली. तिची गाठ मला जमली नाही, माझी साधी गाठ मारली. बाहेर आलो. रस्त्याच्या आमच्या बाजूला दुकानांची सावली पार थांब्यापर्यंत गेली होती. मी रस्ता ओलांडला आणि पलीकडनं, उन्हातनं चालत गेलो.